ताण हलका करू या : विचारांची खुरपणी आणि निसर्गाची सोबत

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण बियाणे, खते, ठिबक सिंचन, कीड नियंत्रण या विषयांवर बरेच काही ऐकले. शेवटचे भाषण माझे आहे आणि त्यात एकही नवीन वाण नाही, हे आधीच सांगून टाकतो. पेरणीपूर्वी आपण मातीचा नमुना तपासतो. बियाण्याची उगवण तपासतो. फवारणीपूर्वी पंपाचे नोझल तपासतो. परंतु ज्या माणसाने हे सर्व करावयाचे, त्याला रात्री झोप लागते काय, त्याचे डोके ठिकाणावर आहे काय, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. तो स्वतःही करीत नाही. आजचा विषय तोच आहे : मनावरील ताण आणि तो हलका करण्याचे, बिनखर्चाचे म्हणता येतील असे दोन उपाय. पहिला उपाय विचारांचा, दुसरा निसर्गाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. भाव पडला, पाऊस लांबला, गारपीट झाली, हा आपल्या मनाचा दोष नाही. चांगला विचार केल्याने बाजारभाव वाढत नाही आणि कर्ज फिटत नाही. रास्त भावाची, पाण्याची, वेळेवर मिळणाऱ्या मदतीची गरज आहे ती आहेच. मात्र या सर्व अडचणींना तोंड द्यावयाचे ते ज्या डोक्याने, ते डोके शाबूत राहिले पाहिजे. आजचे बोलणे तेवढ्यापुरतेच आहे.

ताण म्हणजे काय?

समजा, आपण उसाच्या फडातून चालला आहात आणि अचानक रानडुक्कर समोर आले. त्या क्षणी छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातापायांत बळ येते, भूक आणि झोप कोठल्या कोठे पळते. शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये स्रवतात व ती आपल्याला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी तयार करतात. ही निसर्गाचीच योजना आहे व ती उपयोगाची आहे. डुक्कर निघून गेले की थोड्या वेळात सर्व पूर्ववत होते.

अडचण येते ती डुक्कर निघून जात नाही तेव्हा. बँकेची नोटीस, मुलीचे लग्न, विहिरीचे आटलेले पाणी, भाऊबंदकीचा दावा ही संकटे चार-सहा महिने, कधी वर्षानुवर्षे समोर उभी असतात. शरीराला मात्र फरक कळत नाही. ते रोजच लढाईच्या तयारीत राहते. मोटार दिवसरात्र भारावर चालली तर जळते, तसाच हा प्रकार आहे. मग पहाटे दोन-तीनला जाग येते व पुन्हा डोळा लागत नाही. पित्त वाढते, डोके व मान दुखते, रक्तदाब चढतो. मुलाबाळांवर विनाकारण राग निघतो. तंबाखूची पुडी लवकर संपू लागते किंवा संध्याकाळी पावले नको त्या दिशेने वळतात. तंबाखू आणि दारूने घटकाभर बरे वाटते, पण झोप आणखी बिघडते आणि खर्चाचा नवा ताण मागे लागतो.

ही लक्षणे म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. पिकाचे पान पिवळे पडले तर आपण पिकाला दोष देत नाही, कारण शोधतो. स्वतःकडेही तसेच पाहावे.

ताणात असताना निर्णय का चुकतात?

याबाबत आपल्याच देशातील शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. तामिळनाडूतील विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलई या जिल्ह्यांत ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीच्या सोप्या चाचण्यांवर पाहणी करण्यात आली. एकाच शेतकऱ्याची चाचणी दोनदा घेतली : एकदा ऊस तुटण्यापूर्वी, हातात पैसा नसताना, आणि एकदा ऊस गेल्यावर, पैसा हातात आल्यानंतर. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणूस तोच, शिक्षण तेच, शेत तेच. पण पैशाची ओढाताण असताना त्याच माणसाचे गुण कमी आले आणि ओढाताण संपल्यावर वाढले.

याचा अर्थ असा की चिंतेत डोके कमी होत नाही, ते गुंतून पडते. डोक्याचा मोठा हिस्सा चिंतेने अडवलेला असतो आणि उरलेल्या थोड्या जागेत आपण मोठे निर्णय घेत असतो : घाईने सावकाराच्या कागदावर सही करणे, शेजाऱ्याने फवारले म्हणून दुकानदार देईल ते औषध आणून फवारणे, बैलजोडी मिळेल त्या भावाला काढणे. नंतर आपण म्हणतो, “त्या वेळी काही सुचलेच नाही.” हे अगदी खरे असते. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवावा : रात्री, उपाशीपोटी आणि रागात जमीन, जनावर व कर्ज यांबाबत कोणताही निर्णय घेऊ नये. किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि घरातील एका माणसाशी बोलल्याशिवाय सही करू नये.

विचारांची खुरपणी

तण आणि ताण या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे, आणि दोघांचा स्वभावही सारखाच आहे. सोयाबीन पहिले ३० ते ४५ दिवस तणविरहित ठेवा, असे आम्ही नेहमी सांगतो. तण लहान असताना खुरपले तर एका बाईचे काम असते; फुलावर आल्यावर दहा बायाही पुरत नाहीत. मनात उगवणाऱ्या विचारांचेही तसेच आहे.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात असे दाखवून दिले की खचलेल्या माणसाच्या मनात काही विचार आपोआप, न बोलावता येतात व तो ते तपासून न पाहता खरे मानतो. असे विचार ओळखण्याची सोपी खूण आहे. त्यांत ‘सगळे’, ‘कायम’, ‘कधीच’, ‘कोणीच’ असे शब्द असतात. ‘सगळे संपले’, ‘माझे कधीच चांगले व्हायचे नाही’, ‘मला कोणीच विचारीत नाही’. असा विचार आला की तो बाजूला काढून त्याला तीन प्रश्न विचारावेत :

१) हे पूर्ण खरे आहे काय? ‘सगळे’ म्हणजे नेमके काय गेले आणि काय राहिले?
२) माझ्या मित्रावर हीच वेळ आली असती, तर मी त्याला काय सांगितले असते?
३) उद्या सकाळी या बाबतीत करता येईल असे एक लहान काम कोणते?

उदाहरण घेऊ. काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि तीन एकरांतील सोयाबीन भिजले. ‘यंदाचे सगळे गेले’ हा पहिला विचार. तपासून पाहिले तर असे दिसते की दाणा डागाळला आहे, भाव कमी मिळेल, नुकसान मोठे आहे. पण तूर उभी आहे, दोन म्हशी दुधावर आहेत, रब्बीला जमिनीत ओल चांगली आहे. नुकसान खोटे ठरत नाही. मात्र ‘सगळे’ हा शब्द खोटा ठरतो. सकारात्मक विचार म्हणतात तो एवढाच : आहे ते आहे तेवढेच पाहणे, फुगवून न पाहणे. ‘सर्व ठीक होईल’ असे नुसते घोकणे याला मी सकारात्मक विचार म्हणणार नाही. बी न पेरता पिकाची वाट पाहण्यासारखे ते आहे.

चिंतेची वही

दुसरी कृती वहीची. एक साधी वही घ्यावी. पानाच्या मधोमध रेघ ओढावी. डाव्या बाजूस ‘माझ्या हातात नाही’ आणि उजव्या बाजूस ‘माझ्या हातात आहे’ असे लिहावे. आता मनातील एकेक चिंता योग्य बाजूस उतरवावी.

पाऊस कधी येईल, हे डावीकडे. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणी न करणे, हे उजवीकडे. घरच्या बियाण्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहणे, रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरून खंडात ओल टिकविणे, सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणे, हेही उजवीकडे. बाजारभाव डावीकडे; माल वाळवून, चाळून, प्रतवारी करून नेणे उजवीकडे. गेल्या वर्षीचे कर्ज झाले ते डावीकडे. ते फिटेपर्यंत बँकेला तोंड चुकविण्याऐवजी स्वतः जाऊन भेटणे, नैसर्गिक आपत्तीत पीककर्जाचे पुनर्गठन होते काय हे विचारणे, हे उजवीकडे. खासगी सावकाराने जमीन बळकावली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. ज्या गोष्टीपुढे हात टेकले असे वाटत होते, ती कधी कधी अशी उजव्या बाजूस येते.

ही वही दिवसा, ठरावीक वेळी, पंधरा-वीस मिनिटेच उघडावी. रात्री चिंता आली तर तिला सांगावे, “उद्या साडेपाचला वही उघडतो, तेव्हा ये.” ऐकून हसू येईल, परंतु चिंतेला वेळ नेमून दिली की ती इतर वेळी कमी सतावते, असा मानसशास्त्राचा अनुभव आहे. पंधरवड्याने वही चाळली तर कितीतरी चिंता न घडताच गेल्या, हेही ध्यानात येते.

शेतात असणे वेगळे, निसर्गात असणे वेगळे

आता दुसरा उपाय : निसर्गाचा. येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, “साहेब, शहरातल्या माणसाला हे सांगा. आम्ही तर जन्मभर निसर्गातच आहोत.” हा आक्षेप रास्त आहे व त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. पुण्या-मुंबईची मंडळी पैसे मोजून कृषी पर्यटन केंद्रात येतात, बांधावरच्या झाडाखाली दोन तास बसतात आणि हलकी होऊन परत जातात. त्याच झाडाखाली शेतकरी रोज भाकरी खातो, मग त्याचा ताण का जात नाही?

याचे कारण नजरेत आहे. शेत ही आपली कामाची जागा आहे, जसे कारकुनाचे टेबल. पाहुणा ढग पाहतो तेव्हा त्याला ढग दिसतो. आपण ढग पाहतो तेव्हा कापून ठेवलेले पीक दिसते. पाहुण्याला पोपटांचा थवा दिसतो, आपल्याला कणसाचे नुकसान दिसते. त्याला हिरवे गवत दिसते, आपल्याला निंदणीची मजुरी दिसते. आपले डोळे निसर्गावर असतात, पण मनात हिशेब चालू असतो. हिशेब चालू असेपर्यंत मन विसावत नाही. म्हणून दिवसातील थोडा वेळ असा काढावा, की त्या वेळात शेताकडे शेतकरी म्हणून पाहावयाचे नाही.

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवीन नाही. संत तुकाराम महाराजांनी सतराव्या शतकातील भीषण दुष्काळ पाहिला. त्यात घरची माणसे गेली, व्यापार बुडाला. त्या काळात ते देहूजवळच्या भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवर एकांतात जाऊन बसत, आणि घराण्याच्या येण्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरेने सांगितले जाते. गावोगावच्या देवराया पाहा. तेथे कुऱ्हाड न्यावयाची नाही, काटकीसुद्धा उचलावयाची नाही, असा दंडक होता. जेथून काहीही घ्यावयाचे नाही अशी एक जागा आपल्या पूर्वजांनी राखली होती. मनाच्या विसाव्यासाठी अशीच जागा लागते.

संशोधन काय सांगते?

रॉजर उलरिक या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सुपरिचित आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची त्यांनी तुलना केली. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली.

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे ‘वनस्नान’ ही कल्पना मांडली. त्यात पाण्याचे स्नान नाही. झाडांत सावकाश हिंडणे, वास घेणे, आवाज ऐकणे एवढेच. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०१९ मधील एका छोट्या अभ्यासात, निसर्गात २० ते ३० मिनिटे घालविल्यावर लाळेतील कॉर्टिसॉल वेगाने उतरते असे आढळले. त्यातील अट महत्त्वाची आहे : त्या वेळात मोबाईल, गप्पा व वाचन बंद. त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असे दिसले की जे आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवितात, ते आपली प्रकृती व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. हा वेळ एकदम काढला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. या पाहणीने कारण सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु रोजची वीस मिनिटे म्हणजे आठवड्याची १४० मिनिटे, आणि त्याला दमडीचा खर्च नाही. करून पाहण्यास हरकत कोणती?

आपला ‘थांबा’ कसा ठरवावा?

हरभऱ्यातील घाटे अळीसाठी आपण शेतात पक्षी थांबे उभारतो. पक्षी येतो, थांबतो, अळ्या टिपतो. माझी विनंती आहे की शेतात एक थांबा स्वतःसाठीही ठरवावा.

१) जागा : बांधावरचा कडुलिंब, ओढ्याकाठचा दगड, विहिरीचा काठ सोडून सावलीची कोणतीही जागा. शक्यतो तोंड आपल्या पिकाकडे नसावे. ओढा, डोंगर किंवा मोकळे माळरान यांकडे असावे.

२) वेळ : वीस मिनिटे. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, हिवाळ्यात कोवळ्या उन्हात. मोबाईल घरी ठेवावा किंवा बंद करावा. हातात खुरपे, विळा काहीही नसावे. हातात अवजार असले की हात कामाला लागतात आणि मनही.

३) श्वास : बसल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. सोडलेला श्वास लांब असला की छातीची धडधड कमी होते.

४) पाहणे आणि ऐकणे : नंतर एकच गोष्ट निवडून पाहावी. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण घरटी विणते. विणणारा नर असतो. अर्धे घरटे झाले की मादी येऊन पाहते. पसंत न पडल्यास ते घरटे अर्धेच राहते व नर दुसरे विणावयास घेतो. माळावर टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि जवळ कोणी आले की ओरडून रान उठविते. पावसाच्या तोंडावर पावशाची हाक ऐकू येते. माघ-फाल्गुनात पळस फुलतो, कडुलिंब पाने टाकून तांबूस पालवी धरतो. हे आपण लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे. कामाच्या धबडग्यात ते मागे पडले एवढेच.

५) मन हिशेबाकडे गेले तर : जाईलच. स्वतःवर न रागावता, ‘वहीच्या वेळी पाहू’ असे म्हणून पुन्हा पक्ष्याकडे किंवा पानाकडे लक्ष आणावे. बांधाबाहेर गेलेले वासरू आपण पुन्हा पुन्हा आणतो, तसेच. दोन-तीन दिवसांत फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. निदान तीन आठवडे नेमाने करावे.

६) काळजी : विजा चमकत असताना झाडाखाली मुळीच थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप विजेची पूर्वसूचना देते, ते घ्यावे. अंधार पडल्यावर पायात बूट व हातात बॅटरी असावी. भर दुपारच्या उन्हात बसू नये.

भगिनींसाठी दोन शब्द

भगिनींनो, आपण मनात म्हणत असाल की वीस मिनिटे आणावयाची कोठून? पहाटेची चूल, जनावरांचे शेणपाणी, दिवसभर निंदणी आणि संध्याकाळी पुन्हा चूल. घरधन्याची चिंताही शेवटी आपल्याच पदरात येते. म्हणून हे पुरुष मंडळींना उद्देशून सांगतो : घरातील बाईचा हा वेळ घरच्या माणसांनी काढून दिला पाहिजे. त्या वेळात धार काढणे किंवा पोरांना पाहणे पुरुषाने करावे. शेतावर जाणे जमत नसेल तर परसातील तुळस, शेवगा, जास्वंद यांच्यापाशी बसावे. मात्र त्या वेळात भाजी निवडावयाची नाही, हा नियम आपल्यालाही लागू आहे.

मनातले बोलावे

काही ओझी बसून, पाहून हलकी होत नाहीत. ती बोलावीच लागतात. वारीला जाणाऱ्यांना विचारा. पंढरपूरच्या वाटेवर देहाचे कष्ट वाढतात, तरी मन हलके होते. उघड्या आभाळाखाली चालणे, सोबत आणि बोलणे या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र असतात. पूर्वी गावचा पार हे काम करीत असे. आज पारावर बसलो तरी ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असतो. आठवड्यातून एकदा दोघा-तिघांनी मिळून शिवारातून फेरी मारावी आणि कर्जापासून दुखण्यापर्यंत मोकळेपणाने बोलावे.

ऐकणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. समोरचा बोलू लागला की लगेच सल्ला देऊ नये, ‘माझे तर याहून वाईट आहे’ असेही म्हणू नये. आधी पूर्ण ऐकून घ्यावे. कर्ज किती आहे हे घरात लपवू नये. आकडा बायकोला आणि कर्त्या मुलाला माहीत असावा. एकट्याच्या डोक्यावर जे ओझे राहते, त्याचे वजन रोज वाढते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

विचारांची खुरपणी आणि निसर्गाची सोबत हे रोजचे पथ्य आहे. मोठ्या दुखण्यावर तेवढ्याने भागत नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, अंगात त्राण वाटत नसेल, माणूस कोणाशी बोलत नसेल, दारू वाढली असेल, ‘माझे ओझे होते तुम्हाला’ किंवा ‘आता जगून काय करायचे’ असे बोलत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा निरवानिरव करू लागला असेल, तर ते दुखणे समजावे व उपचार घ्यावेत. नैराश्य हा आजार आहे आणि औषधांनी व समुपदेशनाने तो बरा होतो.

अशा माणसाला सरळ विचारावे, “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात काय?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरात उघडी न ठेवता कायम कुलपात ठेवावीत आणि किल्ली घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे असावी. मुलाबाळांच्या सुरक्षिततेसाठीही हे प्रत्येक घरात आवश्यक आहे.

मदत जवळ आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. गावच्या आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तेथपर्यंत पोहोचवितात. पिकाच्या अडचणीमुळे डोक्याला ताप झाला असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा विनामूल्य क्रमांक आहेच. हे क्रमांक आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत. आपल्याला लागले नाहीत तरी शेजाऱ्याला लागतील.

बंधू-भगिनींनो, पाण्याचा ताण पडला तर काही पिके तग धरतात, काही धरीत नाहीत. तग धरणाऱ्या पिकाची मुळे खोल गेलेली असतात. माणसाची मुळे म्हणजे घरची माणसे, चार मित्र, स्वच्छ विचार आणि आपल्या भोवतीचे हे रान. उद्या सकाळी शेतावर जाल तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी आपला थांबा निवडा आणि वीस मिनिटे तेथे नुसते बसा. ज्या शेजाऱ्याशी बरेच दिवसांत बोलणे झाले नाही, त्याला संध्याकाळी हाक मारा. मेळाव्यातून नेण्यासारखे माझ्याकडून एवढेच.